चाळणीतलं ग्रहण

चंदीगडला आम्ही पंधरा सेक्टरमध्ये भाड्याने राहायचो. वरच्या मजल्यावर आई, बाबा आणि मी. खाली घरमालकीण बीजी आणि त्यांची सून नीलमभाभी. बीजींचा मुलगा दुबईला नोकरीला होता. वर्षातून महिनाभर तो घरी यायचा आणि उरलेले अकरा महिने रविवारच्या फोनवर असायचा. बीजी सत्तरीच्या, ठेंगण्या, कायम पांढऱ्या सलवार-कमीजमधल्या. सकाळी त्यांच्या लोखंडी खलबत्त्याची ठकठक सुरू झाली की मला जाग यायची. मुलाने पाठवलेला मिक्सर कपाटावर खोक्यातच होता, कारण त्यात वाटलेल्या आल्याला चव नसते असं बीजींचं मत होतं. त्यांची मतं पुष्कळ होती. मळलेली कणीक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की घरात वाईट वारा शिरतो. टीव्हीच्या फार जवळ बसलं की डोळ्यांतलं पाणी आटतं. कुकरची डाळ घाईत शिजते, म्हणून खाणाराही दिवसभर घाईत राहतो. हे शेवटचं मला आजही थोडंसं पटतं.

बाबा मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये जीवरसायनशास्त्राचे संशोधक. मूळचे अमरावतीचे, आणि वाद घालण्याची हौस तिकडूनच घेऊन आलेले. त्यांची मतं बीजींच्या उलट, पण संख्येने तेवढीच. नव्यानेच आलेली केबल म्हणजे गच्च्यांवरून घराघरांत सोडलेलं गटार आहे, असं ते म्हणायचे आणि संध्याकाळी त्याच गटारातले जंगली प्राण्यांचे कार्यक्रम तासन् तास बघत बसायचे. सकाळी ते कामाला निघाले की बीजी जिन्याच्या पायथ्याशी उन्हात खाटेवर मटार सोलत असायच्या, आणि दहा मिनिटं दोघांचं जुंपायचं. बाबांचं हिंदी वऱ्हाडी, बीजींचं पंजाबी, त्यामुळे अर्धा वाद एकमेकांना कळत नसावा. पण दोघंही त्यात खूश असत. आई या भानगडीत पडायची नाही. ग्रहण असलं की ती दुधावर तुळशीचं पान टाकायची, आणि बाबांनी पाहिलं तर म्हणायची, असू दे, तुळस औषधीच आहे.

मी सतरा वर्षांची होते, बारावीला, आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होते. मी अर्थातच बाबांच्या बाजूची. फरक एवढाच, की बाबा हसून वाद घालायचे आणि मी पुस्तक उघडून दाखवायची.

नीलमभाभी होशियारपूरची, चोवीस वर्षांची. तिला तेव्हा आठवा महिना नुकताच लागला होता. दुपारी बीजींचा डोळा लागला की ती कठड्याला धरून हळूहळू जिना चढायची आणि आमच्याकडे केबलवर गाणी बघायला बसायची. पाय सुजलेले असायचे, म्हणून आई तिला पाय टेकायला वेताचा मोडा पुढे सरकवायची. ती आमच्या चकल्यांना नमकीन जलेबी म्हणायची आणि एका बैठकीत पाच-सहा संपवायची. त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणार होता, आणि त्याआधीचा पंधरवडा टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. सरकारी चॅनेलवर एक शास्त्रज्ञ चेंडू आणि बॅटरी घेऊन सावली कशी पडते ते समजावायचे. केबलवर कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ गरोदर बायकांनी काय करू नये याची यादी वाचायचे. चाकू धरू नये, सुई धरू नये, कुशीवर वळू नये, उजेडाचा कवडसाही अंगावर घेऊ नये. आता माझ्या फोनवर दर ग्रहणाला हीच यादी येते, कुठल्या तरी मोठ्या अंतराळ संस्थेचं नाव खाली चिकटवून. पाठवणारी माझीच मावसबहीण असते, जी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करते. मी ती यादी पुसून टाकते, पण पुसण्याआधी एकदा पूर्ण वाचते.

भाभीने ती यादी शेवटपर्यंत ऐकली. मग तिने मला विचारलं, खरंच काही होत नाही का गं. मी जीवशास्त्राचं पुस्तक आणलं, गर्भाच्या आकृत्यांचं पान उघडलं आणि तिला सांगितलं की बाळाचे ओठ, टाळू, बोटं सगळं पहिल्या तीन महिन्यांतच तयार होतं, आता सूर्य विझला तरी त्याचं काही बिघडणार नाही. ती आकृतीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. बीजी तिला त्या दिवशी आतल्या खोलीत कोंडणार होत्या, खिडकीला रजई लावून, ग्रहण सुटेपर्यंत. मला त्याचा राग आला. मी म्हटलं, दहा मिनिटं गच्चीवर ये, मी तुला दाखवते. आयुष्यात परत असं बघायला मिळायचं नाही.

त्या सकाळी बाबा इन्स्टिट्यूटच्या हिरवळीवर विद्यार्थ्यांना ग्रहण दाखवायला गेले होते आणि आई न्हाणीघरात होती. मी पुरणाची पितळी चाळणी घेऊन गच्चीवर उभी होते. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे बाबांनी बजावून ठेवलं होतं. चाळणी उन्हात धरली की तिच्या प्रत्येक भोकातून एकेक सूर्य खाली पडतो. भाभी मागच्या जिन्याने अनवाणी वर आली. न्हाणीघरात जाते असं सांगून निघाले म्हणाली, आणि तोंडावर ओढणी दाबून हसत होती. ऊन पातळ झालं होतं, राख मिसळल्यासारखं. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या रिकाम्या होत्या. एरवी त्या वेळी निम्मा सेक्टर केस वाळवत, गव्हाची वाळवणं घालत वर असायचा. आज खिडक्यासुद्धा बंद होत्या. पोपटांचा एक थवा ओरडत झाडांकडे परत गेला आणि मग कसलाच आवाज राहिला नाही. मी चाळणी धरली. फरशीवर सूर्याच्या शंभर-दीडशे बारीक कोरी उमटल्या. भाभी नीट दिसावं म्हणून पुढे सरकली, आणि त्या सगळ्या कोरी तिच्या पोटावर आल्या, तिच्या पिवळ्या कमीजवर, ओळींनी. ती खाली वाकून बघत म्हणाली, "हाय, कितने सारे." मी हात हलवला तशा त्या पोटावरून सरकल्या. मग ती म्हणाली थंडी वाजते आहे, आणि उतरून गेली. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील.

दुपारी तीनच्या सुमारास खालून बीजींनी आईला हाक मारली. तो आवाज वेगळा होता. आई हातातलं ताट तसंच ठेवून धावली. भाभीचं पाणी गेलं होतं, दोन महिने आधी. बाबांना फोन केला, शेजाऱ्यांनी गाडी काढली. भाभीला दोघींनी धरून फाटकापर्यंत नेलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. जाताना तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. इतरांना वाटलं असेल, तोंड पुसते आहे.

गाडी गेली आणि त्या दोन मजल्यांच्या घरात मी एकटी उरले. ऊन पुन्हा पहिल्यासारखं लख्ख झालं होतं. मी स्वतःला पुस्तकातली सगळी वाक्यं म्हणून दाखवली. चंद्राची सावली म्हणजे काय. गर्भाशयाची भिंत किती जाड असते. वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाची कारणं. सगळी पाठ होती आणि एकही उपयोगी पडलं नाही. डोळ्यांपुढे फक्त त्या कोरी येत होत्या, पिवळ्या कापडावर रुतलेल्या नखांसारख्या, आणि त्या मी माझ्या हाताने तिच्या पोटावरून फिरवल्या होत्या. मी चाळणी घासली. मग परत घासली. मग ओट्याखाली सगळ्या डब्यांच्या मागे सरकवून ठेवली, आणि तरीही तिथे ती आहे हे विसरता येईना.

संध्याकाळी आई परत आली. मुलगी झाली होती. वजन दीड किलोही नव्हतं. ती काचेच्या पेटीत होती, नळ्या लावून, आणि पुढचे दहा-बारा दिवस काही सांगता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईने मला जेवायला वाढलं. मी दोन घास खाल्ले आणि उठून ओकून आले. आईला वाटलं फराळ बाधला.

त्या दिवसांत सकाळी खलबत्ता वाजत नव्हता. बीजी पहाटेच हॉस्पिटलला जायच्या आणि खालचं घर बंद असायचं. त्या शांततेनेच मला जाग यायची. फाटकाची कडी वाजली की मी श्वास धरून ऐकायची, कोण आलं, पावलं घाईची आहेत का, कुणी रडतं आहे का. फोन वाजला की आईच्या आधी पळायची आणि मग उचलायची हिंमत व्हायची नाही. पुस्तकातलं ते आकृत्यांचं पान मी पिनांनी बंद करून टाकलं होतं. आणि ज्याची मला सगळ्यात लाज वाटते ते असं, की मी गुपचूप उपास करू लागले. डब्यातली पोळी कॉलेजच्या वाटेवर गाईला घालायची. ग्रहण सुटल्यावर दान करतात हे ऐकलं होतं, तर माझी नवी ओढणी मी चौदा सेक्टरच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या बाईला देऊन आले. तिने खूश होऊन आशीर्वाद दिला तेव्हा मला वाटलं, हिला खरं कळलं तर ही ओढणी परत फेकेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी बीजींची धाकटी बहीण अंबाल्याहून आली. तिला सगळे मासी म्हणायचे. धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई. बीजी दुपारी अंघोळीला घरी आल्या होत्या आणि आईने मला डाळ-भाताचा डबा देऊन खाली पाठवलं होतं. मासी खाटेवर बसून एकेक गोष्ट विचारत होती. त्या दिवशी सुनेने काय कापलं. काय शिवलं. झोपली होती का. काहीतरी केल्याशिवाय असं होत नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बीजी जमिनीवर बसून मुळे किसत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग मासी माझ्याकडे वळली. म्हणाली, मुली, तू तर वरच राहतेस, जिना तुझ्या दारासमोरून जातो. ती बाहेर आली होती का?

मी हातातल्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. मी म्हटलं, "नहीं जी. मैंने तो नहीं देखा."

मासी माझ्याकडे बघत राहिली. किसणीचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी डबा ठेवला आणि वर आले. आता मी दोन गोष्टी केल्या होत्या.

त्या संध्याकाळी बाबा गच्चीवर एकटे उभे होते, तिथे जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. चाळणी, पोट, मासी, सगळं. मला वाटलं होतं ते हसतील, किंवा रागावतील की माझी मुलगी असून तू असला विचार करतेस. मला त्यांनी रागवायला हवं होतं. त्यांनी कठड्यावर हात टेकले. म्हणाले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. मी मान हलवली.  खाली रस्त्यावरून सायकली जात होत्या.

"तरी काहून भ्यायलो मी?" ते म्हणाले. "जिन्यात उभा राहून महिनाभर तिच्या सासूला मीच सांगत होतो, काही होत नसतं म्हणून. आता रोज प्रयोगशाळेत जायच्या आधी तीन मजले चढून त्या पेटीत डोकावून येतो. श्वास चालला आहे ना, ते बघतो. मग कामाला लागतो."

बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याने मला धीर येईल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. तोपर्यंत निदान एक माणूस असा होता ज्याला खात्री होती; आता तोही माझ्याबरोबर अंधारात उभा होता. आज मी स्वतः डॉक्टर आहे आणि रुग्णांच्या नातेवाइकांना रोज खात्रीच्या आवाजात बोलते. तो आवाज किती पातळ असतो हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला बरोबर घेऊन गेले. बाळाच्या खोलीत मला सोडणार नव्हते, पण भाभीला भेटता येईल म्हणाले. भाभी झोपली होती, चेहरा उतरलेला, हाताला सलाइन. मी बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये बाकावर येऊन बसले. थोड्या वेळाने बीजी आल्या आणि शेजारी बसल्या. त्यांच्या मांडीवर स्टीलचा गडवा होता, दुधाचा. बराच वेळ त्या गडव्याच्या कडीशी चाळा करत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता, माझ्या नावातल्या ‘व’चा नेहमीसारखा ‘ब’ करत म्हणाल्या, "बसुधा, कल मासी को तूने ठीक कहा."

 आता पुढे काय येणार हे मला कळलं होतं. घर खाली करा म्हणणार. बाबांना काय सांगायचं, भाभीचं काय होईल, तिचा नवरा दुबईहून निघालाच होता, त्याला कळलं तर तो तिला काय म्हणेल, हे सगळं एकदम डोक्यात आलं. बीजी सांगू लागल्या. नीलम न्हाणीघरात जाते म्हणाली आणि आली नाही, म्हणून त्या उठून बघायला आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या जाळीतून त्यांना मागच्या जिन्यावर तिचे पाय दिसले होते, सुजलेले, अनवाणी, एकेक पायरी चढणारे. त्यांनी हाक मारली नाही. "आवाज़ देती तो घबराकर गिर जाती." मग त्या जाळीशीच उभ्या राहिल्या होत्या, ती खाली येईपर्यंत. ती आल्यावर आत जाऊन माळ ओढत बसल्या, जशा काही उठल्याच नव्हत्या.

मी रडायला लागले. चाळणी मीच धरली होती हे मी कसंबसं सांगितलं. त्यांनी चाळणीबद्दल काही विचारलं नाही. मी म्हटलं, बीजी, माझ्यामुळे झालं का. त्या म्हणाल्या, मला नाही माहीत, पुत्तर. तुझ्या बाबांना सगळं माहीत असतं, मला नाही माहीत.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, पंजाबीत, इतक्या हळू आवाजात की काही शब्द मला जोडून घ्यावे लागले. त्या माझ्याएवढ्याच होत्या, फाळणीच्याही आधी, तिकडच्या गावात. पहिलं मूल पोटात होतं आणि ग्रहण लागलं. सासूने त्यांना कोठीत निजवलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, हातापायांजवळ गहू ठेवले. तहान लागली तरी त्या बोलल्या नाहीत. नाकावर माशी बसली तरी हात उचलला नाही. मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं, दुसरा मुलगा मोठा होऊन शाळेत जायला लागला तरी, घरातलं कुणी ना कुणी त्यांना विचारायचं की खरं सांग, आत काय केलं होतंस.

"मैं तो हिली भी नहीं थी," बीजी म्हणाल्या.

कॉरिडॉरच्या टोकाचं दार उघडलं आणि नर्सने नाव पुकारलं. बीजी गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. जाताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. नीलम वर आली होती हे कुणाला सांगायचं नाही, आणि बीजींनी तिला पाहिलं होतं, हे नीलमला तर कधीच कळू द्यायचं नाही. नाहीतर मूल शिंकलं तरी ती सासूच्या तोंडाकडे बघेल, म्हणाल्या.

बाळ त्या पेटीत चोवीस दिवस होतं. मधे दोनदा कावीळ वाढली, एकदा पहाटे बाबांना निरोप आला आणि ते चप्पल न घालताच निघाले. मी शेवटच्या दिवसापर्यंत घाबरलेलीच होते. पेटीतून काढून तिला रजईत गुंडाळून घरी आणलं तेव्हा धुकं पडायला लागलं होतं. तिचं नाव किरण ठेवलं. ती सात-आठ महिन्यांची झाली, बसायला लागली, हाकेला वळू लागली, तेव्हा कुठे मी चाळणी ओट्याखालून काढली. बीजी मात्र बदलल्या नाहीत. पुढच्या ग्रहणालाही त्यांनी दुधात दर्भ टाकला, खिडकीला रजई लावली, आणि बाबांशी जिन्यात त्याच जोराने भांडल्या. माझ्याशी त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत.

बाबांची तिथल्या नोकरीची मुदत संपली आणि आम्ही नागपूरला आलो. बीजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नीलमभाभी कॅनडात किरणजवळ असते. दर दिवाळीला तिचा व्हिडिओ कॉल येतो, आणि दर वेळी ती कधीतरी म्हणतेच, की बीजींना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, लागला असता तर मला घराबाहेर काढलं असतं. मी हसते. शब्द दिलेला आहे. भाभीला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.